रुद्रेशच्या बोटीची बॅटरी

७ डिसेंबर, शनिवार

बोट आज परत धरणाच्या मधोमध थांबली. आठवड्यात तिसऱ्यांदा! रामलिंगने वल्हं मारून काठाला आणली. शेताकडे निघालेली सिद्धम्मा सगळ्यांसमोर म्हणाली, "अप्पा, तुमची बोट हाय का म्हैस? मधी पाण्यात बसून राहिली!" लोक हसले. मी खाली बघत राहिलो.

रुद्रेश होता तोवर बॅटरी कधी उतरली नाही. सोलरची प्लेट त्यानेच बोटीच्या छतावर बसवली — दिवसभर उन्हात चार्जिंग व्हायचं. पोरगा जाऊन आज चोवीस दिवस.

९ डिसेंबर, सोमवार

नको ते बोललो. रामलिंग रुद्रेशचा लहानपणापासूनचा मित्र, बोट तोच चालवतो. भरल्या बोटीत त्याच्यावर ओरडलो — "गावाचे मोबाईल चार्ज करतोस तू माझ्या पोराच्या बॅटरीवर!" तो म्हणाला, "न्हाई, अप्पा." एवढंच. मी किल्ली काढून घेतली. उद्यापासून येऊ नको म्हणालो.

१० डिसेंबर

बोट बंद. पलीकडे शेत असलेले लोक रस्त्याने फिरून गेले.

१२ डिसेंबर

कंधारहून मिस्त्री आनंदराज आला. मीटर लावून बघितलं. बॅटरी ठीक, वायर ठीक. मग छतावर चढला.

"काका, वाईट मानू नका. त्या फ्लेक्सची सावली पडून राहिली प्लेटवर. एक कोपरा झाकला तरी चार्जिंग लई कमी होतं."

रुद्रेशच्या फोटोचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स! दोन्ही काठांवरून दिसावा म्हणून मीच छतावर उभा बांधला होता. प्लेटच्या अगदी कडेला, दक्षिणेकडून. मला वाटलं, शोभतो.

मीच सोडवला. दुपारपर्यंत बॅटरी भरत आली.

खरं लिहितो. रामलिंगवर ओरडलो त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. पोरगा गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवलो. दुसऱ्याचं पोर रडवून!

१३ डिसेंबर

रामलिंगच्या दारापर्यंत गेलो. आतून त्याचा आवाज आला. परत फिरलो.

१४ डिसेंबर

आज गेलो. किल्ली दिली, माफी मागितली, फ्लेक्सचं सांगितलं.

"म्हाईत होतं, अप्पा. पयल्या दिवसापासून."

मग बोलला का नाहीस?

"रुद्रेशला खाली उतरवा म्हनून तुमाला कोन्या तोंडानं सांगू?"