करड्या स्वेटरचं सोंग

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज दार उघडलं नाही.

ऑफिसचं ते सरकतं काचेचं दार. समोर कुणी आलं की आपोआप उघडतं. रेझीसाठी उघडतं, पोस्टमनसाठी उघडतं, परवा एका कबुतरासाठीही उघडलं. मी समोर उभी! करडा स्वेटर, करडी पँट, करडा कोट आणि मागे कोलोन शहराचं करडं आभाळ. दाराला वाटलं असेल, नुसती हवा आहे. शेवटी दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवले. आतून आमच्या खात्यातला युप्प कॉफी पीत बघत होता. कुणाला निरोप देतेयस, म्हणाला.

बैठकीतही तेच. पहाटेच्या बसचा विषय मांडला. इस्पितळात साफसफाईला जाणाऱ्या बायका पहिली बस सुटायच्या आधीच निघतात, महामार्गाच्या पुलावरून अंधारात चालत. मी एकदा त्यांच्याबरोबर चालले आहे. आई अशीच शाळा झाडायला सायकलवरून जायची, समोरच्या वाऱ्याला शिव्या देत. त्यासाठीच तर मी शिकले, त्यासाठीच या वाहतूक खात्यात आले! सगळं नीट बोलले. मी थांबल्यावर युप्प म्हणाला, "बरं, कॉफीच्या मशीनचं काय करायचं?"

मशीनवर अर्धा तास चर्चा झाली.

१८ फेब्रुवारी

क्रिंग्स बाई, म्हणजे आमच्या खात्याच्या प्रमुख, बोलल्या की सगळे ऐकतात. का? आज नीट निरीक्षण केलं. लाल कोट. सोनेरी बटणं. गळ्यात ठिपक्यांचा रुमाल. पेन टेबलावर दोनदा आपटायचं आणि विचारायचं, "कुणाची हरकत?" हरकत कुणाचीच नसते.

पदवी मलाही आहे. लाल कोट नाही.

२० फेब्रुवारी

रेझी माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. जन्म कोलोनचा, जिभेला हाड नाही, मनाने लोणी. तिनेच माझं नाव ‘उंदराचं पिल्लू’ ठेवलंय. सगळे आता नुसतं पिल्लू म्हणतात. खरं तर चूक माझी. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी "मॉइन" म्हणाले. आमच्याकडे उत्तरेला, समुद्राकाठी, नमस्कार म्हणून दिवसभर तेच म्हणतात. इथे त्यांना वाटलं मी भर दुपारी सुप्रभात म्हणतेय! इतके हसले की तेव्हापासून मी नुसती मान हलवते. उंदीर तरी चूं करतो.

आज रेझी म्हणाली, "पुढच्या गुरुवारी करड्यात आलीस तर दारातून परत पाठवीन, पोरी. जरा रंगात ये."

तिलाही कळतंय तर! गुरुवारी सकाळीच बैठक आहे. बसचा विषय तेव्हा मंजूर झाला नाही, तर पुढच्या वर्षावर गेला. म्हणजे आणखी एक हिवाळा त्या बायका पुलावर. नाही! कपडे बदलायचेच.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मिळाला!! जुन्या कपड्यांच्या दुकानात, अगदी कोपऱ्यात. लाल. खांद्यात भरीव. सोनेरी बटणं, ताटलीएवढी. दुकानातली म्हातारी म्हणाली, हा घातला की माणूस ‘कृपया’ म्हणायचं विसरतो. ठिपक्यांचा रुमालही घेतला. जरा क्रिंग्स बाईंसारखा वाटतो. पण जरासाच.

२३ फेब्रुवारी

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, लाल रंग विटांना शोभतो.

२६ फेब्रुवारी

आरशासमोर सराव. हनुवटी वर. पेन दोनदा. "कुणाची हरकत?" तिसऱ्या वेळी पेन उडून संडासात पडलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

देवा.

दार उघडलं! मी पोचायच्या आधीच. आत दाढीवाली नन उभी होती.

मला वाटलं, कुणी पाहुण्या असतील. मग मधमाशी आली. शिंगं, पट्टे, पोटावर टाय. तो युप्प होता. मग रेझी, समुद्री चाचा, हातात भलीमोठी कात्री. आज बायकांचा गुरुवार. आजपासून कार्निव्हल, सगळं शहर सोंगं घेऊन कामाला येतं, बायका दिसेल त्या पुरुषाचा टाय कापतात. मला वाटायचं, ते सगळं सोमवारच्या मिरवणुकीपुरतं! आमच्याकडे सोंगं घेत नाहीत. आमच्याकडे चहा घेतात.

रेझीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि भिंतीला टेकली. "अगं बाई. हुबेहूब क्रिंग्स बाई."

सगळे टाळ्या वाजवू लागले. ननने बटणं मोजली. हे सोंग नाही, हे माझे कपडे आहेत, असं सांगायला मी तोंड उघडलं, आणि खुद्द क्रिंग्स बाई आत आल्या.

करडा स्वेटर. करडी पँट. केस चापून बसवलेले.

मग असा हशा, की छत उडावं! बाई पिल्लू होऊन आल्या, पिल्लू बाई होऊन आलं, आधी ठरवलंच असणार! क्रिंग्स बाई हीटरजवळच्या, कोट टांगायच्या खुंट्यांआडच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. ती माझी खुर्ची. उरली त्यांची. युप्पने शिंगं डोलवत ती मागे ओढली. "बसा, बाई. सुरू करा."

बसले. करणार काय?

बोलले. पूल सांगितला, अंधार सांगितला, चालून चालून ओले झालेले बूट सांगितले. आणि ते ऐकत होते! मधमाशीने प्रश्न विचारला. ननने आकडे मागितले, माझ्याकडे होते. समुद्री चाच्याने हळूच नाक पुसलं. मी पेन दोनदा आपटलं.

"कुणाची हरकत?"

कुणाचीच नव्हती.

"आणि आमच्या पिल्लाचं काय म्हणणं?" युप्प खुंट्यांकडे वळून म्हणाला.

क्रिंग्स बाई काहीतरी म्हणाल्या. कॉफीचं मशीन घरघरत होतं. कुणाला ऐकू गेलं नाही, कुणी पुन्हा विचारलंही नाही. तेवढ्यात रेझीने मधमाशीचा टाय कापला आणि बैठक संपली.

मलाही ऐकू आलं नाही. मला!

३ मार्च, सोमवार

मिरवणूक. कोटावर बिअर सांडली, रथावरून फेकलेली चॉकलेटची पेटी डोक्यात बसली. बस खरंच मंजूर झाली का, असं युप्पला विचारलं. तो म्हणाला, सोंगातलं बोलणं राखेच्या बुधवारी कार्निव्हलबरोबरच संपतं, पिल्लू.

म्हणजे सगळे हसत होते ते बसलाच हसत होते का? झोप नाही.

५ मार्च, राखेचा बुधवार

लाल कोट ड्रायक्लीनिंगला. पुन्हा करडा स्वेटर. जेवून परतले तर दार उघडेना. हात वर करून हलवत होते.

"मॉइन," मागून कुणीतरी म्हणालं. भर दुपारी!

वळून पाहिलं. क्रिंग्स बाई. करड्या स्वेटरमध्ये.

"बस मे महिन्यापासून. मी गुरुवारीच सांगितलं, कुणी ऐकलं नाही," त्या म्हणाल्या. मग दाराकडे बघत, हळूच, "आणि ते सोंग नव्हतं हं. कोट ड्रायक्लीनिंगला दिलाय, अजून आला नाही. मी मूळची अशीच, तुझ्यासारखी समुद्राकाठची."

"माझंही सोंग नव्हतं," मी म्हणाले.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. मग आम्ही दोघींनी मिळून हात हलवले.