कोपऱ्याचे अकरा गुंठे

मी, सावळेराम भागूजी हांडे, वय वर्षे ७८, धंदा शेती, राहणार हांडेमळा, निरगुडसर रस्ता, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र आपखुशीने आणि माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. कोणी बळजबरी केलेली नाही. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी खात्रीसाठी आजचा वार विचारला, मी सोमवार सांगितला. सोमवार मी विसरत नाही.

वकीलसाहेबांनी टाईप करून दिलेला मसुदा दीड पानाचा होता. त्यात माझी सगळी जमीन आली होती, पण माझे म्हणणे कुठेच नव्हते. म्हणून त्यांची माफी मागून पुन्हा लिहायला बसलो आहे. जिथे कायद्याला धरून नसेल तिथे त्यांनी सुधारावे, मात्र काही गाळू नये.

१. मला दोन अपत्ये. थोरला रामदास, चाकणला कंपनीत आहे. धाकटी उज्ज्वला, अंगणवाडी सेविका होती. ती दिनांक ९ जानेवारी २०२३ रोजी, सोमवारी सकाळी, आमच्या शेताच्या कोपऱ्यावरच्या वळणावर गेली. पत्नी बयाबाई तिच्या आधी चार वर्षे गेली, ते एक बरे झाले.

२. राहते घर, गोठा, बोअर व मोटर, आणि कोपरा सोडून उरलेली सर्व जमीन रामदासला द्यावी. बँकेत जे असेल तेही त्याचेच. दोन गाई आहेत, त्या सूनबाई मंगल हिने सांभाळाव्यात किंवा चांगल्या घरी द्याव्यात. तांबडी लाथ मारते, घेणाऱ्याला तसे सांगावे. माणसाने सांगायचे तेव्हा सांगावे, हे मी फार उशिरा शिकलो.

३. आता कोपरा. ज्याने हे वळण पाहिलेले नाही त्याच्यासाठी लिहितो. निरगुडसरकडून येणारा रस्ता माझ्या शेताच्या कडेने सरळ येतो आणि कोपऱ्याला वळसा घालून एकदम ओढ्याकडे उतरतो. वळणाच्या आतल्या अंगाला माझे अकरा गुंठे आहेत. ते मोकळे असले तर इकडच्याला तिकडची गाडी लांबूनच दिसते. तिथे ऊस उभा असला तर समोर हत्ती आला तरी दिसणार नाही. त्या कोपऱ्याला कालव्याचा पाझर आहे, त्यामुळे अख्ख्या शेतात सगळ्यात जोमदार ऊस तिथेच येतो. तीस वर्षे मी तिथे ऊसच घेतला.

माझ्या हयातीत त्या वळणावर नऊ माणसे गेली. आठ जणांच्या वेळी मी हळहळलो, पळत जाऊन पाणी दिले आणि घरी येऊन जेवलो.

४. उज्ज्वला नवऱ्याकडून परत आली तेव्हा मी तिला घरात घेतले, पण रामदासला पुढे त्रास नको म्हणून घोडेगावला नेऊन तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतले. आमच्याकडे मुली सही करतात आणि आपण त्यांना साडी घेतो. साडी घेतली. नंतर मिसळ खाताना ती हसत म्हणाली, "आबा, सगळं दादाला द्या. मला त्यो कोपरा तेवढा द्या, आरसा लावीन म्हणते तिथं." मी म्हणालो, "येडी का काय! सगळ्यात चांगला ऊस येतो तिथं." तीही हसली, मीही हसलो. त्या हसण्याची मला आता किळस येते.

५. तिची निळी फाइल कपाटात वरच्या फळीवर आहे. त्यात सात अर्ज आहेत. गतिरोधक, पांढरे पट्टे, फलक आणि वळणापलीकडची गाडी दिसावी म्हणून आरसा. एका अर्जाला उत्तर आले की सदर रस्ता आमच्याकडे नाही. ज्यांच्याकडे होता त्यांचे उत्तर आले की उचित कार्यवाहीस्तव पुढे पाठवला आहे. पुढे म्हणजे कुठे, हे तिने आठ महिने शोधले. शेवटी तिने आणि बचत गटाच्या बायकांनी मिळून आरसा आणला, खांब रोवला. दीड महिन्यात ट्रॉलीबाहेर आलेले वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, घासून तो फिरला. अजून तिथेच आहे. त्यात आभाळ दिसते.

ती गेल्यावर मात्र आठ दिवसांत गतिरोधक झाला. त्याला पट्टे मारले नाहीत, म्हणून दोन मोटारसायकली त्यावरच पडल्या आणि मग तो उखडला. फलक लागला, त्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर बांधला गेला. गावाने वर्गणी काढून वळणावर म्हसोबा बसवला. देवाला मी नावे ठेवत नाही. पण आता पोरे ऐन वळणावर हँडलचा एक हात सोडून नमस्कार करतात, हे देवाला तरी दिसत असेल.

फाइल आणि उज्ज्वलाचे हेल्मेट नात संस्कृतीला, रामदासच्या मुलीला, द्यावे. हेल्मेट तिने घालावे. आठवा अर्ज कर असे मी तिला सांगणार नाही. मला कागदावर भरवसा उरलेला नाही आणि तरी मी कागदच लिहीत बसलो आहे.

६. गेणभाऊ, म्हणजे माझा चुलतभाऊ, याचे शेत माझ्या कोपऱ्याला लागून आहे. मोजणीच्या वेळी बांधावरून आमची भांडणे झाली आणि त्यानंतर अठ्ठावीस वर्षे आम्ही बोललो नाही. लग्नात एकाच पंगतीला पाठ करून बसलो. आज लिहून देतो की बांध त्याचाच होता. मोजणीच्या आदल्या दिवशी हद्दीचा दगड मी दीड हात सरकवला होता. बयाबाईला माहीत होते. तिने तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलणे टाकले होते. रामदासने दगड जुन्या जागी नेऊन ठेवावा. जुनी जागा म्हणजे बोरीच्या खोडापासून पूर्वेला सात पावले, माझी पावले.

७. आता जे कोणालाच सांगितले नाही ते. उज्ज्वला गेली त्याच्या आदल्या महिन्यात, डिसेंबरात, कारखान्याची ऊसतोड टोळी आली आणि सगळा ऊस गेला. कोपऱ्यातला मी ठेवला. बोरी बुद्रुकच्या पाव्हण्यांना सुरूच्या, म्हणजे संक्रांतीनंतरच्या, लागणीसाठी बेण्याचा ऊस देतो असा शब्द दिला होता, आणि बेण्याला चांगलाच ऊस ठेवतात. संक्रांत झाली की ते टेम्पो घेऊन येणार होते. शेत मोकळे झाले, तेवढा कोपरा भरलेला राहिला.

डिसेंबरच्या शेवटी मी त्या उसाला पाणी देत होतो. गेणभाऊ बांधापलीकडे उभा राहिला आणि अठ्ठावीस वर्षांनी बोलला. "दादा, कोपऱ्याचा ऊस काढून टाक. पलीकडचं कायबी दिसत न्हाई. आपल्या पोरी त्याच वाटंनं जात्यात."

मी काय म्हणालो ते जसेच्या तसे लिहितो. "तुझ्या डोळ्यात सलतोय व्हय माझा ऊस? बेणं हाय त्ये. पावण्यांना सबूद दिलाय. तू तुझं बघ."

मला वाटले, कोपरा मोकळा झाला की हा पुन्हा मोजणी मागणार. दगड मी सरकवला होता, म्हणून मला त्याच्या तोंडी दगडच ऐकू आला. तो खाली मान घालून गेला. त्यानंतर बाराव्या दिवशी उज्ज्वला स्कूटी घेऊन अंगणवाडीला निघाली आणि पलीकडून रिकामी ट्रॉली आली. आवाज मी गोठ्यात ऐकला. मी पोचलो तेव्हा गेणभाऊने तिला उचलून पिकअपमध्ये घातले होते. मंचरपर्यंत तिचे डोके त्याच्या मांडीवर होते. मंचर आले तेव्हा ती नव्हती.

ट्रॅक्टरवाला बीडकडचा, कोवळ्या वयाचा. उसात तोंड खुपसून रडत होता. त्याच्यावर माझा राग नाही. केस चालू असेल तर हे कलम कोर्टात दाखवावे. त्याला दिसले नाही, कारण मी दिसू दिले नाही.

८. दहाव्याला घोड नदीवर गेलो. पिंड ठेवला, कावळा शिवेना. फांदीवर चार बसलेले, एक खाली येईना. मग लोक एकेक शब्द देऊ लागले. रामदास म्हणाला, तुझ्या नावाने शाळेला कपाट देतो. मंगल म्हणाली, वन्सं, आबांना सांभाळीन. कोणी म्हणाले, हिला गोड आवडायचे, जिलबी आणा. जिलबी आणली. ऊन चढले. तिला काय हवे होते ते त्या सगळ्या घाटावर मला एकट्याला माहीत होते. कोपरा मोकळा ठेवतो, एवढे तीन शब्द. ते म्हटले असते तर लोकांनी विचारले असते, आधी का नाही ठेवला? माझे तोंड उघडले नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही अंघोळी केल्या.

घरी येताना वळणावर गेणभाऊ दिसला. तो घाटावर आलाच नव्हता. माझा ऊस माझ्या परवानगीवाचून तोडत होता. अर्धा कोपरा आडवा झाला होता. मला पाहून त्याने कोयता थांबवला नाही. एवढेच म्हणाला, "दादा, म्या सांगितलं व्हतं. पण मोठ्यानं सांगाया पायजे व्हतं."

त्याला वाटते चूक त्याची आहे. मी खाली बसलो आणि मोळ्या बांधायला लागलो. आम्ही दोघे दिवस मावळेपर्यंत काम करत होतो.

९. म्हणून कोपऱ्याचे अकरा गुंठे मी गेणभाऊला देतो. सरकारला द्यायला गेलो होतो. रस्ता सरळ करा म्हणालो. त्यांनी सांगितले की रस्त्याचा प्रस्तावच नाही तर जागा घेऊन काय करायची. गावाला दिला तर तिथे टपऱ्या होतील. रामदासला दिला तर काय होईल ते तो स्वतःच बोलला आहे. "आबा, वळणावर गाड्या हळू होत्यात. झकास रसवंती चालंल तिथं." पोरगा वाईट नाही. बहिणीचा फोटो त्याच्या पाकिटात आहे. मी समजावले तर म्हणाला, "मेलेल्यापायी जित्यांनी जमीन पडीक ठेवायची का?"

अट एकच. कोपऱ्यात गुडघ्याच्या वर जाणारे पीक घेऊ नये. भुईमूग, मेथी, कांदा चालेल. मका, ऊस, कडवळ नाही. माझा कोयताही त्याला द्यावा, त्याचा तो ऊस तोडताना मोडला.

गेणभाऊ चौऱ्याहत्तरचा आहे. उसाच्या हंगामात सकाळी शाळेच्या वेळेला तो लाल फडके घेऊन वळणावर उभा राहतो. लोक त्याला वेडा म्हणतात. त्याच्या मागे कोपरा कोणाला जावा म्हणून वकीलसाहेबांनी इथे एक ओळ कोरी सोडायला सांगितली. मी तीन आठवडे विचार केला. त्याची मुले ऊसच लावतील, माझा मुलगाही लावील. ओळ कोरीच ठेवतो.

..................................................

१०. माझी प्रेतयात्रा त्याच वळणावरून जाईल, नदीला दुसरी वाट नाही. वळणावर खांदा बदलू नये, थांबू नये. फडके घेऊन एक माणूस पुढे उभा करावा.

११. माझ्या दहाव्याला कावळा शिवला तर ठीक. नाही शिवला तर जिलबी आणू नये, शाळेला कपाट देऊ नये. काय हवे आहे ते या कागदात लिहिले आहे. रामदासने कोपऱ्याचा शब्द द्यावा. पाळता येणार असेल तरच द्यावा. येणार नसेल तर माझ्यासारखे गप्प उभे राहावे आणि दर्भाचा कावळा करावा.

याआधी केलेले कोणतेही लिखाण यापुढे धरू नये. वाचून पाहिले, खाडाखोड नाही, खाली सही केली.

सही: सावळेराम भागूजी हांडे
ठिकाण: घोडेगाव
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आमच्या समोर सही केली, त्याबद्दल साक्षीदार:
१. गोरख दगडू पोखरकर, दूध संकलन केंद्र, हांडेमळा
२. आरती आदेश शिंदे, आशा सेविका, उज्ज्वलाची मैत्रीण

(गेणभाऊला साक्षीदार करायचे होते. ज्याला मिळते त्याने साक्ष देऊ नये असे वकीलसाहेब म्हणाले. तो ऑफिसबाहेर बाकावर बसून आहे. कागदात काय आहे ते त्याला अजून सांगितलेले नाही. जाताना वळणापर्यंत एकाच रिक्षात जाणार आहोत, तेव्हा मोठ्याने सांगेन.)