तिसऱ्या अंकातला साहेबराव

लातूर,
४ ऑक्टोबर १९८७

प्रिय पंचशीला,

जयभीम. तुझा बाप सुखरूप आहे आणि माझ्याच घरी आहे, हे आधी सांगतो. म्हणजे पुढचं वाचायला तुझं मन थाऱ्यावर राहील. अक्षर माझं आहे हे पाहून तू पत्र फाडून टाकणार नाहीस, एवढ्या आशेवर लिहितोय. साहेबरावाला याची खबर नाही. तो आत्ता घागरी घेऊन टँकरपाशी गेलाय. तिथल्या बायका त्याला रांगेत पुढं घेतात, फक्त त्यानं काहीतरी बोललं पाहिजे. तो बोलतो, बायका हसतात. घरात आला की मात्र भिंतीला टेकून गप्प बसतो. पंधरवडा झाला, मी हे बघतोय.

इकडं पाऊस आलाच नाही म्हण. रेणापूरकडची तूर हातभर वाढली आणि उभ्या जागी वाळली. माझ्या वर्गातली निम्मी पोरं मायबापासंगं रोजगार हमीच्या कामावर आहेत. तुझी काकू बरी आहे. तुझी आठवण काढते, पण तुझ्याविषयी बोलायला लागली की माझ्याकडं बघत नाही. तिला सगळं ठाऊक आहे.

नाटकाची हकिकत तुला कुणी नीट सांगितली नसेल. तुझी आई गेली, साहेबरावानं बाटली सोडली आणि तू त्याला नांदेडला घेऊन गेलीस. त्यानंतर लातूर मोकळं मोकळं वाटायला लागलं. चौकात चहा प्यायला बसलो की कुणी ना कुणी त्याचं एखादं वाक्य काढायचं. जिल्हा वेगळा झाला त्या दिवशी गुलालात उभं राहून तो म्हणाला होता, ‘आजवर आपण उस्मानाबादच्या दुष्काळात भागीदार व्हतो. आता दुष्काळ आपल्या हक्काचा हाय.’ दारू का पितोस असं विचारणाऱ्याला म्हणायचा, पाण्याला नंबर लावावा लागतो, हिला न्हाई. अशी वाक्यं मी गोळा करत गेलो आणि त्यांचं तीन अंकी नाटक झालं, ‘साहेबराव घरी आहेत का?’ नोकरी घालवलेला, साप्ताहिकात विनोदी लिहिणारा, सदा प्यालेला एक माणूस. त्याची बायको, त्याची पोर आणि दारात येणारे लोक. साहेबरावाचं काम मीच करायचो. त्याची परवानगी मागायला नांदेडला आलो होतो तेव्हा तू दवाखान्यात ड्युटीवर होतीस. त्यानं सगळं वाचलं, दोनतीन ठिकाणी माझं शुद्धलेखन सुधारलं आणि म्हणाला, कर. तुझी परवानगी मागावी असं माझ्या मनात आलं नाही. मागायला हवी होती ती तुझीच.

कारण दुसऱ्या अंकात तू आहेस. बाहत्तरच्या दुष्काळात तू बाटली सरकारनं वाटलेल्या मिलो ज्वारीच्या डब्यात लपवली होतीस, तो प्रसंग मी जसाच्या तसा घेतला. बाप घरभर शोधतो, शेवटी डब्यात हात घालतो आणि म्हणतो, ‘सरकारनं ही पण वाटायला सुरू केली का?’ नाटकातलं सगळ्यात मोठं हसू तिथं यायचं. उदगीरला तर लोकांनी ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. पण मी त्या दिवशी तुमच्या घरात बसलेलो होतो, पंचशीला. त्यानं डबा अंगणात पालथा केला होता. तू आणि तुझी आई उन्हं उतरेपर्यंत मातीतून एकेक दाणा वेचत होतात आणि मी खाटेवर बसून त्याच्या वाक्याला हसत होतो. नाटकात मी दाणे वेचणं घेतलं नाही. तिथं पडदा पाडला. लोक टाळ्या वाजवायचे आणि मी वाकून नमस्कार करायचो.

जिल्ह्याला पाच वर्षं झाली म्हणून ऑगस्टात खास प्रयोग ठरला. कलेक्टरसाहेब येणार होते. आमच्या मंडळाचा सगळा कारभार बघणारा गुरुपादप्पा, कापडाचा व्यापारी, त्यानं हैदराबादहून दोन कॅमेऱ्यांचा व्हिडिओवाला आणला. संध्याकाळी विजेचा भरवसा नव्हता, म्हणून प्रयोग दुपारी लावला. साहेबरावाला पहिल्या रांगेत मानाची खुर्ची दिली. तू इस्त्री करून दिलेला पांढरा सदरा घालून तो ताठ बसला होता. पहिल्या अंकानंतर लोक त्याच्याभोवती जमले. आता हा काय बोलतो याची वाट बघत उभे राहिले. त्यानं सगळ्यांना पाऊसपाणी विचारलं, पोराबाळांचं विचारलं. लोकांचे चेहरे उतरले. एकजण तोंडावर म्हणाला, ‘तुमच्यापरीस गुरुजीच लई साहेबराव वाटतेत.’ तो हसला. विंगेतून मी ते पाहिलं आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

पुढचं तू कॅसेटवर पाहिलंस. तिसऱ्या अंकाचा पडदा वर गेला तेव्हा माझ्या जागी खुद्द साहेबराव होता. लोक उभे राहिले. तो झोकांड्या खात आला, खुर्ची समजून टेबलावर बसला, जीभ जड करून बोलला, ग्लास रिकामा करून पुन्हा भरला. कलेक्टरसाहेबांनी डोळे पुसले, इतके हसले. माझी वाक्यं त्याला पाठ नव्हती. त्यानं स्वतःची घातली आणि ती माझ्याहून सरस होती. बाहेर पडताना लोक म्हणत होते, आज खरा माल पाह्यला, पुन्हा सुरू झालं वाटतं याचं. देविदास गुरुजींनी मोठ्या मनानं आपली जागा दिली असंही म्हणत होते. मी कुणालाही खोडून काढलं नाही. शाळेत सत्कार झाला तेव्हा हारसुद्धा घालून घेतला.

मग कॅसेटा निघाल्या. तुमच्या क्वार्टरमध्ये कुणीतरी व्हिडिओ आणला, सोबतच्या सिस्टर हसत होत्या आणि त्यांच्यात बसून तू ते पाहिलंस. घरी येऊन तू त्याला विचारलंस, तो काही बोलला नाही आणि तू त्याची पिशवी दाराबाहेर ठेवलीस. हे मला त्यानं सांगितलेलं नाही. माझ्या दारात उभा राहून तो एवढंच म्हणाला, ‘पोरीनं कॅसेट पाह्यली.’ बाकीचं मी जुळवलं. तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही. बाटलीला शिवला तर दार बंद, असं तू त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस, आणि ते सांगायचा हक्क तुझ्याइतका कुणालाच नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते लिहितो. त्या दिवशी प्यालेला मी होतो. नाटकात ग्लासात कोरा चहा असायचा. पण उदगीरच्या प्रयोगानंतर कुणीतरी कौतुकानं खरी पाजली आणि पुढं प्रत्येक गावात कुणीतरी भेटत गेलं. तुझ्या काकूला वास आला तेव्हा मी नाटकाचं नाव सांगितलं. चित्रीकरणाच्या दिवशी कॅमेऱ्यांची भीती वाटली म्हणून सकाळीच घेतली, मग मध्यंतरात घेतली, आणि दुसरा अंक संपल्यावर मागच्या खोलीत ओकून आडवा पडलो. गुरुपादप्पा माझ्या तोंडावर पाणी मारत होता. साहेबराव आला आणि दारातूनच ओळखलं. त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं, माझ्या अंगातलं जाकीट उतरवून स्वतः घातलं आणि गुरुपादप्पाला म्हणाला, ‘ह्यो पडलाय हे बाहेर फुटू देऊ नको. कलेक्टर बसलाय, मास्तराची नोकरी जाईल. गेलेली नोकरी कशी असती ते मला ठावं हाय.’ मग त्यानं ग्लास उचलला आणि आधी गुरुपादप्पाला त्यातला घोट घ्यायला लावला. चहाच आहे अशी खात्री झाल्यावर रंगमंचावर गेला. पोरीला खरं का सांगितलं नाहीस, असं मी त्याला या पंधरवड्यात कितीदा विचारलं. शेवटी परवा बोलला. म्हणाला, ‘तुझं नाव घ्यावं लागलं असतं. आन् पिऊन आल्यावर ‘पिलो न्हाई’ म्हणायचो, ते पोरीनं लई ऐकलंय. आता तेच कोणत्या तोंडानं म्हणू?’

काल शाळेत जाऊन मी हेडमास्तरांना सगळं सांगितलं. ते काय ठरवायचं ते ठरवतील. साहेबरावाला आता कुणाला पाठीशी घालायची गरज उरलेली नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेव असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? पण ती कॅसेट एकदा एकटीनं पाहा. चौकातून त्याला घरी आणायला तूच जायचीस. तुला ठाऊक आहे, तुझा बाप प्यायला की कधी झोकांडी खायचा नाही. उलट जास्तच ताठ चालायचा, चप्पल उंबऱ्याशी जोडून ठेवायचा, तुला ‘अहो पंचशीलाबाई’ म्हणायचा आणि पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायचा. तो तसा बोलायला लागला की तुझी आई चूल विझवून कोपऱ्यात जाऊन बसायची. लोकांना त्यात हसू येणार नाही म्हणून नाटकात झोकांड्या मी घातल्या, जड जीभ मी घातली. कॅसेटमधला तो माणूस प्यालेला साहेबराव नाही, पोरी. शुद्धीत असलेला तुझा बाप तिथं माझी नक्कल करतोय. येत्या शनिवारी दुपारच्या गाडीनं त्याला नांदेडला घेऊन येतो. मी गल्लीच्या तोंडाशी थांबेन, तुझ्या दारापर्यंत येणार नाही. त्याच्यासाठी तेवढं दार उघड.

तोंड दाखवायला लाजणारा, तरी तुझाच,
देविदासकाका