बेल्ट लावला का?

सणसर, ता. इंदापूर
६ नोव्हेंबर २०२५

चि. समर्थ यास आक्काचा आशीर्वाद.

हितं सगळं बरं हाय. फोन उचलत न्हाईस म्हणून लिहिते. तुझी मनिषा आलीय, जाताना तिच्याकडं देते. तू हे वाचल्याबिगर तुला जेवायला वाढू नको, असं तिला म्हटलंय.

उसाला तोड अजून आली न्हाय. शेळी व्याली, दोन करडं हायेत. सासूचा, आत्याबाईंचा गुडघा तसाच. माझं काय, उठते, कामं करते, झोपते. परवा चहात मीठ पडलं, अख्खा कप प्याले तरी कळलं न्हाय. आत्याबाईंनी थुकला तवा समजलं. सगळ्या म्हणत्यात, रड बाई, मोकळी हो. येतच न्हाय तर काय करू?

काल निजायच्या आधी आत्याबाईंनी विचारलं, "म्हाळसा, दार लावलं का?" म्हटलं, "लावलं." सकाळी बघते तर मांजरानं दुधाचं पातेलं चाटूनपुसून ठेवलेलं. आत्याबाईंनी तोंडाचा पट्टा सोडला. मी म्हटलं, अहो, लावलं होतं की! व्हय, लोटलं होतं. कडी घातली नव्हती. मी खोटं बोलले नव्हते, अन् त्यांनीबी वाईट विचारलं नव्हतं.

मग मी तितंच उंबऱ्यापाशी बसले.

दवाखान्यात तू एकच बोलत होतास. "आक्का, मी खालनं विचारलं होतं गं, दाजी, बेल्ट लावला का? लावला म्हणाले." लावलाच होता की. पट्टे आवळून अंगात घातला होता. हूक तेवढा मोकळा लोंबत होता, लोखंडी दोराला अडकवलाच नव्हता. पिंपळीच्या त्या शेडवर फायबरच्या पत्र्यावर पाय पडला, पत्रा फुटला, अन् हे गेले. ह्यांनी तुला फसवलं न्हाय, समर्थ. तूबी ह्यांना मारलं न्हाईस.

माझा तुझ्यावर राग न्हाय. राग यायलाबी आत काहीतरी लागतं. पण तेराव्यानंतर तू हितं पाय ठेवला न्हाईस. भाऊबीजेलाबी आला न्हाईस. यंदा सण नव्हताच, मी ओवाळणार नव्हते. नुसता येऊन बसला असतास.

मनिषा म्हणती, सोमवारी तू भिगवणच्या शेडवर चढणार. जेवत न्हाईस, झोपत न्हाईस, अन् तसाच चढणार. मला आता एकच भाऊ हाय रे. चढ, पोट हाय. पण 'लावला का' हे विचारणंच बंद करा. खालच्यानं म्हणायचं, "हूक कशाला अडकवला?" वरच्यानं जागा सांगायची. नुसतं व्हय म्हणला तर त्याला खाली घ्यायचं. अन् फायबरवर पाय द्यायचा न्हाय, फळी टाकून चालायचं. तुझ्या दाजींना कुणी असं विचारलं असतं तर हात आपसूक हुकाकडं गेला असता.

सोमवारी काम सुटलं की मी फोन करीन. कसा हाईस, जेवलास का, काय न्हाय विचारणार. कशाला अडकवला होतास, एवढंच विचारीन.

ह्या वेळी उचल.

तुझी आक्का,
म्हाळसा