पाचवं मूळ

५ मे
माहेरी, धावड्याला आले. बीजगणिताचा बॅक राहिलेला पेपर १६ला, भोकरदनला. एवढा निघाला की बी.एस्सी. पूर्ण. मागच्या वर्षी चार गुणांनी गेला. प्रश्न अजून पाठ आहे: x⁴ − 5x³ + 7x² + 3x − 10, सर्व मुळे काढा. −1 आणि 2 काढली. उरलं x² − 4x + 5. त्यात ऋण संख्येचं वर्गमूळ आलं आणि मी ऐटीत लिहून आले, "आणखी मुळे नाहीत." दिसली नाहीत म्हणून नाहीत! स्वतःचाच राग येतो.

७ मे
2 + i, 2 − i. होती की! सहगुणक वास्तव असले की ही मंडळी एकटी येत नाहीत, जोडीनंच येतात. दिवसभर हेच. दोन गणितं अडली.
आई: "जेवतीस का मुळंच उपटीत बसतीस?"

१० मे
ह्यांचा फोन, जालन्याहून. धाकट्या जावेचं डोहाळजेवण १६लाच, तिथल्याच मस्तगडच्या घरी. "पेपर काय, पुढच्या साली बी देता येतो."
"मंग डोहाळजेवण पुढच्या साली करा."
फोन कट. मी बोलले ते बोलले.

१२ मे
दुपारी दारात आवाज, "जयभीम, इहीणबाई." सासरे. सासरहून न्यायला येणाऱ्यालाही मूळच म्हणतात. मला मूळ आलं! चार मुळं काढायला बसले तर पाचवं उंबऱ्यात. चहा केला.
"चल बाई, जल्दी तयारी कर. पाव्हणे काय तुझ्यासाठी थांबून राह्यले का?"
"मामा, पेपर देते न् तशीच येते. त्याच्या आधी न्हाई."
मूळ रिकामं परत धाडू नये म्हणून आई रडवेली. धाडलं.

१५ मे
सासरे परत आले, सोबत हे. जोडीनं! भर घरात हसू फुटलं, कारण कुणाला सांगणार?
ह्यांनी वही चाळली. "हे i म्हंजे काय?"
"काल्पनिक संख्या."
"जे न्हाईच, त्याच्यासाठी एवढा तमाशा?"
वही काढून घेतली. "तुमच्यासाठी न्हाई. माझ्यासाठी हाये."
सासऱ्यांनी माझ्या हातातल्या वहीत डोकावून वाचलं, 'सर्व मुळे काढा.' सकाळच्या गाडीनं मला जालन्याला न्यायचं ठरलंय. त्यांचं. गाडी भोकरदनवरूनच जाते.

१६ मे, भोकरदन स्टँड
सकाळी गाडी इथं थांबली, मी उतरले. हे दारातून ओरडले, "मंग घरी येऊच नको!" पिशवी आतच राहिली. पेन आणि हॉलतिकीट हातात होतं, बास.
तसाच प्रश्न, आकडे वेगळे. चारही मुळं काढली, खाली दोन रेघा ओढल्या.
आत्ता स्टँडवर येते तर बाकावर सासरे. एकटे. मांडीवर माझी पिशवी. माझ्यामागं तेही उतरले होते.
"निघाली का मुळं सगळी?"
"चारही."
जालन्याची गाडी लागलीय, धावड्याचीही. ते पिशवी घेऊन उभे. "कोण्या गाडीत ठिवू, बाई?"
थांबा म्हटलं, मामा. आधी एवढं लिहून होऊ द्या.