एका हाताने उघडणारा चाकू

रवि. १२ जाने. १९८६, मुलुंड

अण्णांनी आज परत ताटली सरकवली. पेरूच्या फोडी होत्या, बिया काढून, मीठ-तिखट लावून. मीच चिरलेल्या. डाव्या हाताने हळूच, पाहुण्याने नको म्हणावं तशी सरकवली. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

अर्धांगाचा झटका आला, हॉस्पिटलातून येऊन सात आठवडे झाले. पाय सुधारलाय, काठी घेऊन गॅलरीपर्यंत जातात. बोलणं जड, पण कळतं. उजवा हात मात्र गेला. मूठ वळलीय ती सुटत नाही.

आठ वर्षं मी ऑफिसातून आले की गॅलरीत सासरे बसलेले. "इलंस गो?" म्हणायचे आणि खिशातून चाकू काढायचे. पेरू, काकडी, कैरी, जे असेल ते. फोडी ताटलीत, चाकू स्टुलावर, मग तो मी उचलून धुवायचा. माझ्या वडिलांनी मला कधी फळ चिरून दिलं नाही. ह्यांनी रोज दिलं. आता मी येते तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात.

सोम. १३

चाकू शोधला. नवऱ्याचं काम: प्र.ने माळ्यावर पेटीत टाकून कुलूप लावलंय.
"त्यांच्या हातात चाकू? डोकं फिरलंय का तुझं?"
"घरातली सुरी देऊन पाहिली, हात लावला नाही त्यांनी."
"मग नकोच असेल ना त्यांना!"
नकोच कसं असेल? ओट्यावरची सुरी वेगळी आणि पंचवीस वर्षं खिशात बाळगलेली वस्तू वेगळी. किल्ली मागून घेतली. चाकू उघडून पाहिला तर खिळा पार झिजलेला, पातं लुळं. बघता बघता माझ्याच अंगठ्यावर मिटलं. रक्त. प्र.ने कापूस आणून दिला. म्हणजे ह्या चाकूपुरतं त्याचं खरं आहे.

त्याला राग नाहीये, भीती आहे. बापाला मोरीत पडलेलं त्यानेच पहिल्यांदा पाहिलं.

बुध. १५

व्यायाम शिकवायला बाई येतात, त्यांना विचारलं. म्हणाल्या, "डाव्या हाताला आवडीचं काम द्या. चाकू चालेल, पण चांगला हवा, खुळखुळणारा नको. आणि सुरुवातीला कोणीतरी जवळ बसा."
ठरलं. नवा घ्यायचा. हळदीकुंकवाच्या साडीसाठी पैसे बाजूला ठेवलेले आहेत, त्यात बसेल तो. जुनी पैठणी नेसेन. तीच तीच साडी म्हणून कोणी वाण द्यायचं थांबत नाही.

शनि. १८

अर्धा दिवस. स्टेशनजवळची तीन दुकानं पालथी घातली. एकाने दाखवला त्यात नेलकटर, बाटलीचं ओपनर, चमचा, काटा. चाकू तेवढा नावाला. दुसऱ्याचं पातं आरशासारखं, पण धरून हलवलं की खुळखुळ. तिसरा बरा होता, उघडताना नख तुटलं.

माझी परीक्षा सोपी: उजवा हात पाठीमागे, डाव्या हाताने उघडायचा. सगळे नापास. दुकानदार शेवटी म्हणाला, "मॅडम, हाताला लागलंय का?" मग खरं सांगितलं. तर त्याने स्वतःचा हात पाठीमागे नेला आणि दोन-तीन चाकूंशी झटापट केली. त्यालाही जमलं नाही. चहा पाजत होता, नको म्हटलं.

मंगळ. २१

घाटकोपरला उतरले मुद्दाम. भांड्यांच्या गल्लीत एक शेठ. "एका हाताने? तो आधी बोलायचं ना बेन!" खालच्या खणातून रुमालात गुंडाळलेला काढला. खटका दाबला. टक्! वीतभर पातं बाहेर. रामपुरी!! शेजारी पातेलं बघणारी बाई दोन पावलं मागे सरली.

खरं सांगू, एक क्षण मोह झाला. मी स्वतः दोनदा दाबून पाहिला, मजा आली. मग डोळ्यांपुढे आमचे अण्णा, बंडी आणि पट्ट्यापट्ट्याचा लेंगा, गॅलरीत बसून रामपुरीने पेरू चिरतायत आणि खाली सोसायटीचे सेक्रेटरी. शिवाय मिटायला दोन हात लागतातच. शेठ म्हणाला, "पुलिसने पाहिला तर माझा नाव नाय सांगायचा." दिला परत.

ऑफिसात नलूला सांगितलं तर ती टेबलावर डोकं ठेवून हसली. "तुझा सासरा एरियाचा दादा होणार गं!"

शुक्र. २४

मिळाला. बी-बियाण्यांच्या दुकानात, कुठे शोधत होते आणि कुठे मिळाला. माळी लोक कलम बांधायला वापरतात तो. दुकानातले म्हातारे सावकाश बोलतात. "बाई, चाकू आधी मिटून बघा. टोक आत नीट लपतंय का, दोन्ही बाजूंना फट सारखी आहे का. उघडून तर सगळेच छान दिसतात." मग उघडून पातं हलवलं. जागचं हललं नाही. कागद धरला, आवाज न करता चिरला. लाकडी मूठ, टोकांना पितळ. पातं काळं पडेल म्हणाले, पुसून खोबरेल लावत जा, धार मात्र नातवापर्यंत.

एका हाताने उघडत नाही. पाच-सहा वेळा केलं, नाहीच. तरी घेतला. दुसरा कुठलाही हातात धरवेना मला. उघडून मी देईन, मिटून मी ठेवीन. एवढं चालेल ना त्यांना?

साडीच्या पैशांतले थोडे उरले. एक डझन पेरू घेतले.

रवि. २६

सुट्टी. अण्णा गॅलरीत, प्र. पेपर वाचत. मी चाकू उघडून, मूठ त्यांच्याकडे करून त्यांच्या डाव्या हातात द्यायला गेले. त्यांनी हात मागे घेतला. मला वाटलं दिसलं नसेल, परत पुढे केला. मान हलवली, मूठ मिटून घेतली, तोंड फिरवलं.

प्र. म्हणाला, "बघ. सांगत होतो." आवाज हळू होता, टोमणा नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

मोरीत जाऊन रडले. चाकूसाठी नाही. ह्या माणसाला आता काहीच नकोय असं वाटलं म्हणून.

चाकू फडताळात. पेरू पिकतायत, घरभर वास.

शनि. १ फेब्रु.

मी गाढव आहे.

शेजारच्या कामतवहिनी, दिवसा अण्णांकडे डोकावतात त्या, सुरी मागायला आल्या. मी द्यायला हात पुढे केला तर ओरडल्या, "अगो, हातात काय देतेस! ठेव खाली. भांडायचंय का माझ्याशी?" मी खाली ठेवली, त्यांनी उचलली, गेल्या.

मी तशीच उभी. आठ वर्षं. आठ वर्षांत अण्णांनी एकदा तरी चाकू माझ्या हातात दिला होता का? नेहमी स्टुलावर. मला वाटायचं ती त्यांची टापटीप. आणि मी गेले उघडं पातं घेऊन थेट हातात द्यायला. सुनेशी भांडण नको म्हणून बिचाऱ्याने हात मागे घेतला, आणि मी घरभर तोंड पाडून फिरले आठवडाभर!

संध्याकाळी चाकू मिटून त्यांच्या स्टुलावर ठेवला. शेजारी एक पेरू. काही न बोलता आत आले. कुकर लावला. बाहेर पाहिलं नाही (दोनदा पाहिलं). चाकू मांडीवर घेऊन बसले होते, पितळेवरून अंगठा फिरवत.

रवि. २

सकाळी आम्ही दोघं दारात उभे. मी उघडून द्यायला पुढे होणार तर त्यांनी डोळ्यांनी थांबवलं. डाव्या हाताने चाकू उचलला आणि उजव्या मुठीत, त्या वळलेल्या बोटांत, सरकवून बसवला. घट्ट. मग डाव्या हाताच्या नखाने पातं ओढलं. उघडलं!

तीस वर्षं फिटर होते. काम पकडून ठेवायला टेबलावर लोखंडी वाइस असायचा, किती वेळा ऐकलंय आम्ही.
"ह्यो हात कामाचो नाय म्हणतत," जड जिभेने, एकेक शब्द. "वाइस म्हणान चलात."

मी आठ-दहा दिवस एका हाताने उघडणारा चाकू शोधत होते. त्यांनी दुसरा हात सोडलाच नव्हता.

पेरू चिरायला बराच वेळ लागला. चार फोडी, चारही वेगळ्या. एक घरंगळली. प्र. दारातून हलला नाही, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. चिरून झाल्यावर त्याने चाकू घ्यायला हात पुढे केला. धुवायला म्हणून, की परत माळ्यावर टाकायला म्हणून, त्यालाच ठाऊक. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. मग वाकून, हळूच, चाकू स्टुलावर ठेवला.
"तुझ्यावांगडा झगडूचा नाय माका," म्हणाले.

प्र.ने चाकू उचलला. धुतला, पुसला, खोबरेल लावलं, मिटून परत स्टुलावर आणून ठेवला. मग बराच वेळ नळ सोडून तोंड धूत बसला.

सोम. ३

ऑफिस. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, डबा तसाच आहे.

सकाळी निघताना मी प्र.कडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. दिवसभर घरात अण्णा एकटे. बाई म्हणाल्या होत्या, सुरुवातीला जवळ बसा. कामतवहिनी येऊनजाऊन असतात, पण येऊनजाऊनच. चाकू स्टुलावर होता. प्र. बूट घालत होता, नाडी दोनदा बांधली. "उचलतेस की राहू दे?" मी म्हटलं, "तू सांग." तो गेला. मीही उचलला नाही. शेजारी दोन पेरू ठेवले.

आता दीड वाजलाय. फोन करावा तर घरी फोन नाही. नलू म्हणते, "अगं, काही नाही होत." तिचं काय जातंय.

साडेसहाला पोचेन. आज भाजीला थांबायचं नाही.