तोकडी किल्ली

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत. छोकरीचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे ती तोंडच उघडत नाही. घरात एवढी शांतता तू कधी अनुभवली नसशील. वन्संना माझाही नमस्कार लिहा, असं आतून फर्मान आहे. हाताने लिहितोय म्हणून हसू नकोस.

तुझे संदेश रोज येतात, सकाळी बरोबर आठला. पूर्वी तू चार दिवस गप्प बसायचीस, मग एकदम पानंच्या पानं, त्यात निम्मं भांडण. गेले तीन आठवडे एकदाही भांडली नाहीस. फोन केला तर घसा बसलाय म्हणून कळवतेस. यादी कुठे ठेवलीस, एवढं मात्र रोज विचारतेस.

म्हणून परवा मी विचारलं, पत्र्यावरून पडलो तेव्हा मला दवाखान्यात कुणी नेलं होतं? तूच नेलंस, पाठुंगळी घेऊन, वाटभर शिव्या घालत. हे आपण संदेशात कधी लिहिलेलं नाही. उत्तर आलं, "जुनं कशाला उकरतोस, कोंबड्या?" कोंबड्या हे नाव संदेशांत शंभरदा आलंय. दवाखान्याचं उत्तर मात्र आलंच नाही.

आता जे टाळतोय ते लिहितो. तिकडच्या पोलीस ठाण्यात तू दुभाषी. आत डांबलेल्यांची नावं मला कळवायचीस, कुठेतरी बाहेर यादी राहावी म्हणून. त्यासाठीच मी संदेशांना कुलूप घालणारा तो प्रोग्रॅम लिहून पाठवला. पहिलं नाव लिहिण्याआधी तू विचारलंस, कुलूप पक्कं आहे ना? मी म्हणालो, माझ्या हातचं आहे.

पक्कं मी केलं होतं, ताई. पण ते देशाबाहेर पाठवायला परवाना लागतो. परवाना कचेरीतला कारकून भला माणूस. खुर्ची देऊन त्याने समजावलं की मोठ्या किल्लीचं, कुणालाच न फुटणारं कुलूप म्हणजे कायद्याच्या लेखी दारूगोळा. तसंच पाठवलं तर दहा वर्षं आत. किल्ली तोकडी करा, आजच शिक्का मारतो, म्हणाला. अशी किल्ली फोडायला किती वेळ लागतो, मी विचारलं.

"जाणकाराला एक दुपार पुरते," तो म्हणाला.

मी तोकडी केली. तुला सांगितलं नाही. तुरुंगाची भीती वाटली, आणि तुझ्यापुढे भित्रा ठरायची लाज त्याहून जास्त. त्या कुलपावर विसंबून तू एकतीस नावं पाठवलीस.

काल मी कळवलं की पोस्टाने पत्र पाठवतोय. एरवी आठला येणारं उत्तर तत्काळ आलं. "पत्रबित्र नको. इथेच लिही. इथे आपल्याशिवाय कुणी वाचत नाही."

तरी पाठवतोय. तुझ्या हाती पडलं तर मला हवं ते बोल, पण तुझ्या तोंडाने बोल.

आणि हे पाकीट आधी उघडणारे साहेब, आमची भाषा तुम्हाला छान येते. हे तिला वाचून दाखवा. चूक तिची नव्हती, एवढं तिला कळू द्या. यादी कुठे आहे ते मी सांगणार नाही. पण सकाळचे संदेश थांबवू नका. तुम्ही विचारताय तोवर ती तुम्हाला जिवंत लागतेय, असं मी धरून चालतो. रोज आठला मी उत्तर देईन, तुम्हाला ताई म्हणतच.

तिचा धाकटा भाऊ